हिशेब ठेवणारा माणूस : टॉम किलबर्न

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला पेजिंगवर प्रश्न हमखास येतो. व्हर्च्युअल मेमरी, पेज फॉल्ट, रेफरन्स बिट हे शब्द आपण ओरलच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि पेपर झाला की सोडून देतो. लिनक्सवर 'फ्री' ही कमांड दिली की मोकळ्या मेमरीचा आकडा इतका छोटा का दिसतो, याचं उत्तर शोधायला मी बसलो. एकातून दुसरं निघत गेलं आणि शेवटी पोचलो ते मँचेस्टरला, टॉम किलबर्न या माणसापाशी. ट्युरिंग आणि फॉन नॉयमन आपल्याला माहीत असतात. किलबर्न यांच्या कामावर मात आपला कॉम्प्युटर रोज चालतो, तरी त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही. म्हणून हा लेख.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या ड्यूझबरी या गावी झाला. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात ते गणित शिकले. महायुद्ध चालू असल्यामुळे शिक्षण लवकर आटोपलं. इलेक्ट्रॉनिक्सचं घाईघाईचं ट्रेनिंग घेऊन १९४२ मध्ये ते माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात फ्रेडी विल्यम्स यांच्या हाताखाली रुजू झाले. म्हणजे ब्रँच गणिताची आणि नोकरी इलेक्ट्रॉनिक्सची! कॅम्पस इंटरव्ह्यूच्या काळात आपल्याला हे काही नवीन नाही.

युद्ध संपलं तेव्हा कॉम्प्युटर बनवू पाहणाऱ्या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, ते म्हणजे मेमरी. विल्यम्स यांनी टीव्हीसारख्या कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवायची युक्ती काढली. पण ठिपका लगेच विरून जायचा. म्हणून तो सतत वाचायचा आणि परत लिहायचा. विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले, किलबर्नही त्यांच्याबरोबर गेले, आणि १९४७ च्या अखेरीस त्यांनी एका ट्यूबवर २०४८ बिट टिकवून दाखवले.

ही मेमरी खऱ्या कामात टिकते का, हे तपासायला त्यांनी जेफ टूटिल यांच्या साथीने एक छोटा कॉम्प्युटर उभा केला. त्याचंच लाडकं नाव 'बेबी'. मेमरी किती? ३२ बिटांचे ३२ शब्द, बस्स. २१ जून १९४८ रोजी किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम त्यावर चालला. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा ती स्वतः सोडून सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. ५२ मिनिटांनी बरोबर उत्तर आलं. इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम जगात प्रथमच चालला तो त्या दिवशी.

बेबी वाढली आणि १९५१ मध्ये तिचा फेरांटी मार्क वन झाला. त्याला जोडीला चुंबकीय ड्रम होता. ड्रम मोठा पण संथ, ट्यूब चपळ पण छोटी. हॉस्टेलच्या खोलीत टेबलावर चार पुस्तकं मावतात आणि बाकीची कॉटखालच्या ट्रंकेत राहतात, तसाच प्रकार. कुठलं पुस्तक कधी वर काढायचं आणि कुठलं खाली ठेवायचं, हे प्रोग्रॅमरलाच प्रोग्रॅममध्ये लिहावं लागे. निम्मी बुद्धी गणितात आणि निम्मी या हमालीत!

ही हमाली मशीनने स्वतः करावी, हे किलबर्न यांनी मनावर घेतलं. १९५६ मध्ये सुरू झालेला त्यांचा प्रकल्प पुढे फेरांटी कंपनीच्या भागीदारीत 'अ‍ॅटलास' झाला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. कोअर मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि ड्रम ९८,३०४ शब्दांचा. प्रोग्रॅमरला मात्र ही वाटणी दिसतच नसे. त्याच्यापुढे एकच सलग मेमरी. आतमध्ये तिचे ५१२ शब्दांचे तुकडे, म्हणजे पेजेस. हवं ते पेज कोअरमध्ये नसेल तर प्रोग्रॅम थांबायचा, 'सुपरवायझर' ते ड्रमवरून आणायचा आणि प्रोग्रॅम पुढे चालू. हा सुपरवायझर म्हणजेच आजच्या कर्नेलचा पूर्वज.

पण टेबल भरलं की काढायचं काय? इथे मला किलबर्न यांची खरी करामत दिसते. कोअरमधल्या प्रत्येक पेजला एक बिट दिला होता. पेजला हात लागला की तो १ व्हायचा. सुपरवायझर ठराविक काळाने हे बिट वाचून परत शून्य करायचा. कुठलं पेज किती वेळ पडून आहे आणि मागच्या वेळी किती वेळ पडून होतं, याची नोंद तो ठेवायचा. त्यावरून लवकर न लागणारं पेज ओळखून ते ड्रमवर धाडायचा. कर्नेलने ठेवलेला कॅशचा हा पहिला हिशेब म्हणायला हरकत नाही. आणि ही वही सुपरवायझरच्या खाजगी जागेत असे, प्रोग्रॅमच्या हाती ती नव्हती.

याचा फायदा काय झाला बघा. मँचेस्टरची कोअर १६ हजार शब्दांची, लंडनच्या अ‍ॅटलासची ३२ हजार आणि चिल्टनच्या अ‍ॅटलासची ४८ हजार. कोअर बदलली म्हणून प्रोग्रॅमरला हमालीचा हिशेब नव्याने मांडावा लागला नाही. १९६६ मध्ये आयबीएमच्या लॅझ्लो बेलाडी यांनी पेज काढायच्या निरनिराळ्या पद्धती तपासल्या, तेव्हा अ‍ॅटलासची पद्धत बऱ्याच प्रोग्रॅमवर साध्या पद्धतींपेक्षाही मागे पडली. पण पद्धत मागे पडली तरी रचना टिकली. हिशेब आतला असल्यामुळे पुढच्या लोकांना बाहेरचा एकही प्रोग्रॅम न दुखावता पद्धत बदलता आली.

किलबर्न यांनी १९६४ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनमधला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग सुरू केला. एमयू फाइव्ह हे त्यांचं शेवटचं मोठं मशीन. त्याची छाप पुढे आयसीएलच्या २९०० मालिकेवर पडली. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच सुमारास पत्नी आयरीन यांचं निधन झालं. २१ जून १९९८ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, बेबीची हुबेहूब प्रतिकृती मँचेस्टरमध्ये चालली, ती पाहायला ते हजर होते. १७ जानेवारी २००१ रोजी ते गेले.

आता आपल्याकडे वळू. आजच्या प्रोसेसरच्या पेज टेबलमध्ये 'अ‍ॅक्सेस्ड' बिट असतो, तो किलबर्न यांच्या बिटाचाच वंशज. फरक एवढाच की आज कर्नेल आपली वही थोडी उघडी ठेवतो. लिनक्समध्ये मेमइन्फो, स्लॅबइन्फो अशा फाइल्स असतात. त्यात कॅशचे आकडे दिसतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण एकदा आकडा बाहेर दाखवला की कुणीतरी त्यावर स्क्रिप्ट लिहितो, आणि मग तो आकडा म्हणजे दिलेला शब्द होतो.

२००७ मध्ये लिनक्समध्ये स्लॅबच्या जागी स्लब ही नवी यंत्रणा आली. तिच्यात स्लॅबइन्फो ही फाइलच नव्हती, त्यामुळे स्लॅबटॉपसारखी हत्यारं अडली. शेवटी जानेवारी २००८ मध्ये स्लबलाही ती फाइल दिली गेली. काही जुने रकाने नव्या यंत्रणेत निरर्थक होते. ते काढले नाहीत, तिथे शून्य छापलं. कारण रकाना काढला तर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि वाचणारा प्रोग्रॅम गडबडतो. २०२४ मध्ये जुना स्लॅब कर्नेलमधून गेला, तरी त्या फाइलचा साचा राहिला.

'फ्री'चं कोडंही इथेच सुटतं. रिकामी मेमरी वाया जाऊ नये म्हणून कर्नेल तिच्यात फाइल्सची कॅश ठेवतो, आणि गरज पडली की त्यातली बरीचशी सोडतो. लोक मग मोकळी मेमरी अधिक कॅश अशी बेरीज करून अंदाज बांधायचे. पण कॅशमधला काही भाग सोडता येत नाही, त्यामुळे अंदाज चुके. २०१४ मध्ये ३.१४ या कर्नेलने यावर तोडगा काढला. जुन्या ओळींचा अर्थ न बदलता 'मेमअव्हेलेबल' ही नवी ओळ जोडली. हे गणित कर्नेलच करतो, आणि उद्या त्याने ते वेगळ्या रीतीने केलं तरी आपली स्क्रिप्ट चालू राहते.

मला तरी यात किलबर्न यांचाच धडा दिसतो. आतलं यंत्र बिनधास्त बदला, पण बाहेर ज्याने विश्वास ठेवला त्याचं काम अडू देऊ नका. आपल्यापैकी कित्येक जण उद्या दुसऱ्यांनी वापरायचे प्रोग्रॅम लिहिणार आहेत. एखादा आकडा जगाला दाखवण्याआधी, तो पुढची वीस वर्षं सांभाळायची आपली तयारी आहे का, एवढं स्वतःला जरूर विचारा.