काड्यापेट्या विकणारा पोरगा ते रेल्वेचे मालक: सर आदमजी पीरभॉय

पावसाळा सरला की नेरळहून माथेरानची मिनी ट्रेन पुन्हा कधी सुरू होणार, याच्या बातम्या येऊ लागतात. आपल्यातली कितीतरी कुटुंबं मुलाबाळांना घेऊन या गाडीत बसली आहेत. पण ही गाडी सरकारने नव्हे, तर मुंबईतल्या एका मुस्लिम व्यापाऱ्याच्या पैशातून आणि त्याच्या मुलाच्या जिद्दीतून उभी राहिली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या व्यापाऱ्याचं नाव सर आदमजी पीरभॉय.

आदमजींचा जन्म 1846 च्या सुमारास काठियावाडातल्या गोंडल संस्थानात, एका गरीब दाऊदी बोहरा घरात झाला. पोट भरायला मुंबईला आले तेव्हा ते पोरसवदा वयाचे होते. फार शिक्षण नाही, भांडवल तर नाहीच. सुरुवातीला ते रस्त्यावर काड्यापेट्या विकायचे. त्या काळी काठियावाड, कच्छ आणि कोकणातून रोज माणसं या शहरात उतरत होती. खोजा, बोहरा, मेमन, कोकणी मुसलमान, प्रत्येकाची इथे स्वतःची पेठ होती, स्वतःची ओळखपाळख होती.

मुंबईही तेव्हा झपाट्याने बदलत होती. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मग इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच भाव कोसळले आणि मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप जवळ आला.

बहुतेक व्यापाऱ्यांची नजर कापसावर होती. आदमजींनी मात्र वेगळा रस्ता धरला. मुंबई हे नुसतं व्यापारी बंदर नव्हतं, इंग्रजांच्या फौजा इथूनच जहाजात चढायच्या. 1868 ची ॲबिसिनियाची मोहीम याच बंदरातून निघाली होती. फौज म्हटली की तंबू हवेत, कपडे हवेत, बूट हवेत. आदमजी लष्कराचे कंत्राटदार झाले आणि तंबूंच्या धंद्यात त्यांनी जम बसवला. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात त्यांच्याकडचे तंबू आणि खाकी कपडे दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले.

1887 मध्ये त्यांनी धारावीत चामड्याचा मोठा कारखाना काढला. धारावी तेव्हा शहराबाहेर होती. खाडी, दलदल आणि कोळ्यांची वस्ती एवढंच तिथे होतं. कातडी कमावण्याच्या कामाला वास फार, म्हणून ते शहराच्या कडेलाच चालायचं. पुढे तमिळ मुलखातून कातडी कमावणारे कारागीर इथे येऊन वसले, त्यांत मुसलमानही बरेच होते. आज धारावीच्या बॅगा आणि पाकिटं लोक शोधत येतात, त्या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात आदमजींचं नाव आहे.

इथे एक गोष्ट आम्हाला साफ सांगायला हवी. ही कमाई इंग्रजांच्या लढायांवर झाली. इंग्रजांची फौज जिथे जाई तिथे आदमजींचा माल जाई. आज हे वाचताना काहींना खटकेल, आणि खटकायलाही हवं. त्या जमान्यातल्या मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान, यहुदी अशा बहुतेक मोठ्या घराण्यांची दौलत साम्राज्याच्या व्यापारातूनच आली होती. म्हणून माणसाला जोखताना त्याने कमावलं कसं हेही बघावं, आणि त्या पैशाचं केलं काय हेही बघावं.

आदमजींनी हात आखडला नाही. चर्नी रोडला त्यांनी सॅनेटोरियम बांधलं. अलीगढच्या कॉलेजात विज्ञान शिकवण्यासाठी मोठी देणगी दिली. मुंबईचा एक बोहरा शेठ दूर उत्तरेतल्या मुलांच्या विज्ञानासाठी पैसा देतो, यातच त्यांची नजर कळते. 1897 मध्ये, शहर प्लेगने हैराण झालं असताना, ते मुंबईचे शेरीफ होते. 1907 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. ती लीग नोकऱ्या, शिक्षण आणि प्रतिनिधित्व मागणारी होती. वेगळ्या देशाचा ठराव त्यानंतर तेहेतीस वर्षांनी आला, हे विसरून त्यांच्यावर शिक्का मारणं बरोबर नाही.

आता माथेरानच्या गाडीकडे वळू. हे स्वप्न त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांचं. नेरळहून वर जायचं तर तेव्हा पायी, घोड्यावर किंवा पालखीत जावं लागे. अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला आणि वडिलांनी थैली मोकळी केली. 1904 मध्ये काम सुरू झालं. बार्शी लाइट रेल्वेचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला घेतला गेला. चढण इतकी कठीण की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर चढावं लागे. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वळणं इतकी अवघड की त्यांसाठी जर्मनीहून खास बनावटीची चार इंजिनं आणली. खर्च आला 16 लाख रुपये. 1907 मध्ये सुमारे 21 किलोमीटरच्या या मार्गावर गाडी धावली.

1913 मध्ये आदमजींचा इंतकाल झाला. आज त्यांच्या कंपनीचं नाव बाजारात ऐकू येत नाही. ही रेल्वे आता भारतीय रेल्वेची आहे. 2005 च्या महापुरात मार्ग वाहून गेला, तरी तो दुरुस्त करून गाडी परत सुरू झाली. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानची रोजीरोटी पर्यटकांवर चालते, आणि त्या पर्यटकांना ही गाडी खुणावते.

आपल्या समाजात सदक्याची परंपरा मोठी आहे. मशीद, मदरसा, लंगर यांसाठी आपण सढळ हाताने देतो. आदमजींची हयात सांगते की दवाखाना, विज्ञानाचं शिक्षण, रस्ता, रेल्वे हीसुद्धा खिदमतच आहे, आणि तिचा फायदा घेणाऱ्याची जात, धर्म कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी नेरळला गाडीत बसाल तेव्हा मुलांना हे नाव जरूर सांगा.