एलिनॉर ऑर्मेरॉड

एलिनॉर ॲन ऑर्मेरॉड (११ मे, १८२८ – १९ जुलै, १९०१) या इंग्लंडमधील शेतीविषयक कीटकशास्त्राच्या आद्य अभ्यासक होत्या. ऋतुमान आणि पिकांवरील कीड यांचा संबंध त्यांनी मुख्यतः शेतकऱ्यांच्याच नोंदींतून उलगडला.

त्यांचा जन्म ग्लॉस्टरशायरमधील सेडबरी पार्क येथे झाला. वडील जॉर्ज ऑर्मेरॉड हे इतिहासकार होते. एलिनॉर यांचे शिक्षण घरीच झाले. वडिलांची विस्तीर्ण शेती हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली.

१८७७ मध्ये त्यांनी उपद्रवी कीटकांच्या निरीक्षणासंबंधी एक पुस्तिका वाटली. कोणती कीड केव्हा दिसली, किती पीक गेले, हे लोक पत्रांनी कळवू लागले. त्यातून सुरू झालेली वार्षिक अहवालांची मालिका त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ स्वखर्चाने चालवली. हवामानाच्या नोंदीही त्या नियमित ठेवीत. इंग्लंडच्या हवामानशास्त्रीय संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री फेलो (१८७८) होत. कॅरोलाइन मोल्सवर्थ यांनी १८२५ ते १८५० या काळात कॉबहॅम येथे केलेल्या हवामान व वनस्पतिविषयक नोंदींचे सार त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले.

सलगमावरील उडद्या भुंगेऱ्यावरचा १८८१ चा विशेष अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हे बारीक, उड्या मारणारे भुंगेरे हिवाळा काडीकचऱ्यात दडून काढतात आणि वसंतात ऊब येताच कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. उघाड लांबली की रोपे खुंटतात आणि भुंगेऱ्यांचे फावते. वेळेवर पाऊस झाला तर रोप झपाट्याने वाढून तगते. तेव्हा जमिनीतील ओल राखणे आणि रोपाला लवकर जोम आणणे, हाच मोठा बचाव.

१८८२ ते १८९२ या काळात त्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या मानद कीटकशास्त्र सल्लागार होत्या. त्यांची सर्वच मते मात्र टिकली नाहीत. फळबागांसाठी त्यांनी पुरस्कारलेले पॅरिस ग्रीन हे तांबे व आर्सेनिकयुक्त जहाल विष होते. चिमण्यांच्या निर्मूलनाचा त्यांचा आग्रहही वादग्रस्त ठरला. धान्य खाणारी चिमणी पिलांना मात्र अळ्याच भरवते, हा आक्षेप रास्तच होता.

१९०० मध्ये एडिनबरा विद्यापीठाने त्यांना मानद एल्‌एल.डी. पदवी दिली. त्या विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढच्याच वर्षी सेंट आल्बन्स येथे त्यांचे निधन झाले.