रहीमसाहेब : मैदानावरचे मास्तर

हैदराबादच्या शाळांतून मुलांना शिकवणारे एक शिक्षक भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली या संघाने आशियाई क्रीडास्पर्धांत दोन वेळा सुवर्णपदक मिळवले. त्यांचे नाव मरहूम सय्यद अब्दुल रहीम. फुटबॉलच्या जगात सारे त्यांना रहीमसाहेब म्हणत. मुलाच्या पायाशी चेंडू दिसला की त्याचा अभ्यास बुडाला, असे आपल्याकडील पुष्कळ पालकांना वाटते. काही मुलेही खेळाच्या नादात पुस्तक दूर सारतात. या दोघांनीही रहीमसाहेबांचे चरित्र जाणून घ्यावे. मैदान आणि शाळा यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत उभी केली नाही.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात त्या काळी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेथे त्यांनी कला शाखेचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉलही खेळले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि हे काम त्यांनी अखेरपर्यंत केले.

मुंबईकरांना त्यांच्या शिकवणुकीचे फळ कूपरेजच्या मैदानावर पाहायला मिळाले. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाची सूत्रे हाती घेतली. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबादच्या पोलिसांनी नेला. हे यश एकदोन खेळाडूंच्या कर्तबगारीवर उभे नव्हते. दरवर्षी तेच घडावे यासाठी संघाला लावलेली शिस्तच कारणीभूत होती.

त्यांची शिकवण्याची रीत खास मास्तरांची होती. चेंडू आपल्याच पायाशी घोळवत ठेवण्याची आपल्या खेळाडूंना मोठी हौस. प्रेक्षक टाळ्या पिटतात, पण तोवर समोरचा संघ सावध होतो. यावर उपदेश न करता रहीमसाहेबांनी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की तो चटकन साथीदाराकडे द्यायचा, हा तेथील नियम. ज्या पायाने नीट खेळता येत नाही त्याच पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. ज्या विषयात मूल कच्चे असते त्याचाच सराव चांगला शिक्षक अधिक करवून घेतो, तशातलाच हा प्रकार.

राष्ट्रीय संघाची जबाबदारी आल्यावर १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरवून भारताने सुवर्णपदक पटकावले. कौतुक झाले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केला. आपले बरेच खेळाडू अनवाणी पायांनी खेळत होते. थंड हवा आणि निसरडे मैदान यांत बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे त्यांचे काही चालेना. संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते.

नापास झालेला विद्यार्थी दोन वाटांनी जातो. एक प्रश्नपत्रिकेला दोष देतो, दुसरा कोठे चुकले ते शोधतो. रहीमसाहेब दुसऱ्या वाटेने गेले. फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले आणि आपल्या मुलांना नव्या सवयी लावण्याचे काम रहीमसाहेबांवर आले. युरोपात गाजत असलेली हंगेरीच्या संघाची पद्धतही त्यांनी बारकाईने अभ्यासली. मधला आघाडीचा खेळाडू थोडा मागे ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू जागा सोडतो आणि मोकळ्या जागेत दुसऱ्याला शिरता येते. ही युक्ती त्यांनी भारतीय संघात आणली.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्या मेहनतीचे चीज झाले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताची गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. मुंबईच्या टाटा संघातील नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले आणि भारत ४–२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला हा आशियातील पहिलाच संघ. तेथे पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारताने केला. अखेर ४–१ अशी हार पत्करावी लागली आणि भारत चौथा आला. पण चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच प्रतिस्पर्ध्यावर काही काळ आघाडी घेतली, ही प्रगती आकड्यांतूनही दिसते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत साखळीतून पुढे गेला नाही, तरी फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी त्याने साधली.

खेळाडू घडवताना रहीमसाहेबांनी घराणे पाहिले नाही की खिसा पाहिला नाही. सिकंदराबादचे तुळशीदास बलराम गरीब घरातले. सरावाला येण्यासाठी त्यांना सायकल भाड्याने घ्यावी लागे आणि तेवढे पैसे जवळ नसत. त्या भाड्याची सोय रहीमसाहेबांनी केली, अशी आठवण बलराम पुढे सांगत. हेच बलराम मेलबर्न, रोम आणि जकार्ता येथे भारताकडून खेळले. हुशार मुलाचा रस्ता किरकोळ पैशांसाठी अडू नये, हे ज्याला कळते तोच खरा शिक्षक.

१९६२ साली जकार्ताला त्यांच्या आयुष्यातील शेवटची मोठी परीक्षा झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरवले. पुढे थायलंड व जपान यांना हरवून भारताने वाट काढली, पण बचावफळीचा आधार असलेल्या जर्नेलसिंगांच्या डोक्याला दुखापत झाली आणि टाके घालावे लागले. रहीमसाहेबांनी त्यांना वगळले नाही. त्यांची जागा बदलून त्यांना आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे नमवून भारत अंतिम फेरीत गेला.

वातावरण मात्र तापले होते. यजमानांनी इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. क्रीडासंघटक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतल्याने तेथील जनमत भारतावर चिडले होते. ४ सप्टेंबर रोजी भारतीय खेळाडू मैदानात उतरले ते या प्रचंड, विरोधी गर्दीसमोर. प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरियाच होता. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. दुसरा केला टाके घातलेल्या डोक्याने खेळणाऱ्या जर्नेलसिंगांनी. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण सामना २–१ असा भारताने जिंकला.

त्या संघाकडे नजर टाकावी. कप्तान चुनी गोस्वामी व पी. के. बॅनर्जी बंगालचे, जर्नेलसिंग पंजाबचे शीख, फॉर्तुनातो फ्रँको गोव्याचे, तर थंगराज, बलराम व युसूफ खान हैदराबादचे. धर्म निराळे, घरच्या भाषा निराळ्या. हैदराबादच्या एका मुसलमान शिक्षकाने त्यांना एका वर्गात बसवावे तसे एकत्र बांधले. देशावरील प्रेम भाषणातून सांगता येते. रहीमसाहेबांनी ते कामातून दाखवले.

जकार्ताहून परतल्यावर त्यांना फार दिवस लाभले नाहीत. कर्करोगाने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेव्हा प्रशिक्षकांमध्ये त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी होते आणि कप्तान होते हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे रोम ऑलिंपिकच्या संघात होते आणि पुढे तेही प्रशिक्षक झाले. बराच काळ विस्मृतीत गेलेले रहीमसाहेबांचे नाव २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीच्या कानी पडले.

विद्यार्थी मित्रांनो, १०–१ हा आकडा लक्षात ठेवा. परीक्षेत कधी असा निकाल लागला तर तो लपवू नका, त्यातून शिका. आणि पालकांना विनंती अशी की, मुलाला खेळू द्या, पण त्याला शिस्त लावणारा शिक्षकही शोधून द्या. पैशावाचून कोणा मुलाची वाट अडली असेल, तर त्याच्या सायकलचे भाडे आपल्यापैकी कोणीतरी भरले पाहिजे. आपल्यासारख्या संस्था चालतात त्या याच कामासाठी. अल्लाहतआला मरहूम रहीमसाहेबांना जन्नत नसीब करो.