भ्यालेला मार्टिन ल्यूथर

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मार्टिन ल्यूथरविषयी लिहिताना पंडितांचे वाद मी सांगणार नाही. मला जवळचा वाटला तो भ्यालेला ल्यूथर.

१० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीत आइसलेबेन गावी तो जन्मला. बाप तांब्याच्या खाणीच्या धंद्यात कष्टाने वर आलेला. मुलाने वकील व्हावे ही त्याची इच्छा. पण १५०५ च्या जुलैत वाटेत वादळाने गाठले, जवळच वीज पडली, आणि घाबरलेल्या मार्टिनने संत अॅनाला नवस केला, की वाचलो तर संन्यासी होईन. नवस फेडला. बाप फार रागावला.

मठात त्याने उपास केले, थंडीत कुडकुडला, तासन् तास पापांची कबुली देत बसला. तरी मनाचा हिशेब जुळेना. एखादे पाप सांगायचे राहून गेले असले तर? येथे मी थबकले. माझी धाकटी मुलगी तापाने गेली तेव्हा एक बाई म्हणून गेल्या, की एखादा नवस राहिला असेल. तो राहिलेला नवस मी किती वर्षे शोधीत होते!

पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात शास्त्र शिकविताना पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला उलगडा झाला. देव आपल्याकडून नीतिमत्त्व मागतो व नाही म्हणून शिक्षा करतो, असे तो समजत होता. ते तर देव आपणहून देतो, असे त्याला दिसले. कृपा विकत मिळत नाही, विश्वासाने नुसता हात पसरायचा. सत्कर्मे करायचीच, पण देवाला लाच म्हणून नव्हे. झाड चांगले झाले की फळ धरतेच.

मग क्षमापत्रांच्या विक्रीचा त्याला संताप आला यात नवल काय? गरिबांनी पैसे मोजून मेलेल्या आईबापांची सुटका करायची! ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आपले ९५ मुद्दे मांडले. १५२१ साली पोपने बहिष्कार घातला, वर्म्स येथे बादशहापुढे उभे केले, तरी त्याने लिहिलेले मागे घेतले नाही. मग वार्टबुर्ग किल्ल्यात लपून असता सुमारे अकरा आठवड्यांत नवा करार जर्मन भाषेत उतरविला. भाषांतर करणाराने घरातल्या आया कशा बोलतात ते ऐकावे, असे त्याचे मत. हे मला फार आवडले.

त्याचे सारेच गोड मानवत नाही. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात त्याने सरदारांना कत्तलीची चिथावणी दिली, आणि १५४३ साली यहुद्यांविरुद्ध लिहिलेले तर वाचवतच नाही.

त्याच १५२५ साली त्याने मठातून पळून आलेल्या कॅथरीन फॉन बोराशी लग्न केले. ल्यूथरला पैशाचे भान नसे. शेत, गुरे, डुकरे, बियर गाळणे, पंक्तीला येणारे विद्यार्थी, हे सारे तिने सांभाळले. सहा मुले झाली. एक मुलगी तान्हेपणीच गेली. १५४२ साली तेरा वर्षांची माग्दालेना बापाच्या हातांत गेली. ती देवाजवळ आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. तरी मित्राला त्याने लिहिले, की आम्ही आभार मानायला हवेत, पण दोघांनाही रडे आवरत नाही. तेवढा मजकूर मी तीनदा वाचला.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजी तो जन्मगावीच वारला. कॅथरीन तेव्हा विटेनबर्गला घरी होती.