चौरसांचे गुरुजी



या वेळच्या भित्तिपत्रकात थोर व्यक्तीची ओळख लिहून देण्याची पाळी माझी आहे. मी एका चित्रकाराची ओळख करून देणार आहे. ते आधी प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि त्यांचे वडील रंगारी होते. त्यांचे नाव योझेफ आल्बर्स.

बाईंनी त्यांचे चित्र पुस्तकात दाखवले तेव्हा आम्ही सगळे हसलो. चित्रात माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही. एका चौरसात दुसरा चौरस, त्यात तिसरा, त्यात चौथा. बस्स! मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं की हे तर बालवाडीतलं पोरगंसुद्धा काढील. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुस्तक टेबलावर उभे केले आणि मधल्या चौरसाकडे गप्प बघत राहायला सांगितले. थोड्या वेळाने मला मधला पिवळा चौरस दिवा लावल्यासारखा पुढे आलेला दिसू लागला. माझ्या शेजारणीला तोच चौरस खोल आत गेलेला दिसला. आमचं भांडणच लागलं. बाईंनी सांगितले की दोघींचेही बरोबर आहे आणि चित्रकाराला हेच हवे होते.

आल्बर्स यांचा जन्म १९ मार्च १८८८ रोजी जर्मनीतल्या बोट्रोप या गावी झाला. हा भाग कोळशाच्या खाणींचा. वडील घरे रंगवायचे, सुतारकाम करायचे, पडेल ते काम हाताने करायचे. आईच्या माहेरी लोहारकाम होते. लहानपणी योझेफ वडिलांच्या हाताखाली काम शिकले. दरवाजा रंगवायचा तर मधून सुरुवात करून कडेकडे यायचे, ही वडिलांची शिकवण होती. म्हणजे ओघळलेला रंग पुढच्या हातात झाकून जातो आणि आपल्या बाह्या भरत नाहीत.

पुढे ते शिक्षक झाले. १९०८ ते १९१३ या काळात त्यांनी आपल्या भागातल्या प्राथमिक शाळांत मुलांना शिकवले. मग चित्रकला शिकायला ते बर्लिनला गेले. १९२० साली वायमार शहरातल्या बाउहाउस या नव्या कलाशाळेत त्यांनी नाव घातले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. आपल्यासारखे पुन्हा विद्यार्थी!

त्यांच्याकडे सामान घ्यायला पैसे नव्हते. पाठीवर पिशवी आणि हातात हातोडी घेऊन ते गावाच्या उकिरड्यावर जायचे आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा गोळा करायचे. हिरव्या, तपकिरी, निळ्या काचा जाळीत आणि पत्र्यात बसवून ते चित्रे करायचे. शाळेने त्यांना भिंती रंगवण्याच्या वर्गात जायला सांगितले होते, पण त्यांनी काच सोडली नाही. आता आपल्याला काढून टाकणार, अशा भीतीनेच त्यांनी सत्राच्या शेवटी आपल्या काचा मांडल्या. झाले उलटेच. शाळेने त्यांना काचेच्या कामासाठी स्वतंत्र जागा दिली आणि १९२३ पासून तिथेच शिकवायलाही लावले.

त्यांचा तास मोठा मजेशीर असायचा. मुलांना कागद किंवा वर्तमानपत्र द्यायचे आणि काहीही वाया न घालवता त्यातून काहीतरी करून दाखवायला सांगायचे. महाग सामानापेक्षा हातातल्या वस्तूकडे नीट बघणे त्यांना महत्त्वाचे वाटे.

१९२५ साली त्यांचे अ‍ॅनी यांच्याशी लग्न झाले. त्या हातमागावर विणकाम करत आणि पुढे त्याही फार नावाजल्या. त्या ज्यू घराण्यातल्या होत्या. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि त्याच वर्षी नाझींच्या दडपणामुळे बाउहाउस शाळा बंद पडली. मग दोघे देश सोडून अमेरिकेला गेले. तिथे ब्लॅक माउंटन नावाच्या ठिकाणी नवीन महाविद्यालय निघाले होते. आल्बर्स यांना इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. तरी ते वर्गात उभे राहिले आणि १९४९ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्यानंतर १९५० ते १९५८ ते येल विद्यापीठात होते.

आता त्या चौरसांकडे येऊ. १९५० साली, म्हणजे वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘चौरसाला मानवंदना’ ही चित्रमाला सुरू केली आणि मरेपर्यंत चालू ठेवली. अशी हजाराहून जास्त चित्रे त्यांनी केली. हार्डबोर्डची खरबरीत बाजू आधी पांढरी करायची आणि मग नळीतला रंग तसाच पातीने लावायचा. सुरुवात मधल्या चौरसापासून, मग बाहेर बाहेर. वडिलांचा दरवाजा! कोणता रंग वापरला ते चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवायचे.

चौरस बरोबर मधोमध नसतात, थोडे खाली असतात. त्याचे माप सोपे आहे. आपल्या वहीत २० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. त्याच्या आत १६, मग १२, मग ८ सेंटिमीटर बाजूचा. प्रत्येक वेळी खाली १, दोन्ही बाजूंना २ आणि वर ३ सेंटिमीटर जागा सोडायची. मी काढून बघितलं, बरोबर बसतं.

आकृती तीच ठेवून त्यांनी फक्त रंग बदलले. कारण रंग एकटा कधी दिसत नाही, शेजारच्या रंगाबरोबर दिसतो, हे त्यांना दाखवायचे होते. यावर त्यांनी १९६३ साली मोठे पुस्तक लिहिले. डोळ्यांना चकवणाऱ्या अशा चित्रांना ऑप आर्ट म्हणतात. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात आल्बर्स यांचीही चित्रे होती. त्या वाटेवर आधी चाललेल्यांमध्ये त्यांचे नाव घेतात. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या एकट्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. जिवंत चित्रकाराला असा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. २५ मार्च १९७६ रोजी ते वारले. १९८० साली अमेरिकेने शिक्षणावर टपाल तिकीट काढले, त्यावर त्यांचेच चौरस छापले.

इथे मी माझी एक गोष्ट लिहिते. माझे बाबा रंगारी आहेत. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत ते गावोगाव घरे रंगवतात. पण वर्षाच्या सुरुवातीला वहीत वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, तेव्हा मी शेती असे लिहिले. बाबांच्या नखातला रंग बघून एकदा मुली हसल्या होत्या, म्हणून. आल्बर्स मोठे झाल्यावरही आपण वडिलांकडून शिकलो असे सगळ्यांना सांगत. हे वाचलं आणि मला कसंतरीच झालं. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना विचारले की दरवाजा कुठून रंगवायला घेता. आतल्या फळ्या आधी, कडेची चौकट शेवटी, असे ते म्हणाले, आणि आज हे कुठून सुचलं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी वहीत खाडाखोड करून रंगकाम असे लिहिले.

या लेखाखाली मी घोटीव कागद चिकटवले आहेत. एक लाल, एक पिवळा, आणि दोघांच्या मधोमध नारिंगी कागदाचा एकेक छोटा चौकोन. लालवरचा नारिंगी पिवळट दिसेल आणि पिवळ्यावरचा तांबूस. पण दोन्ही तुकडे मी एकाच कागदातून कापले आहेत. खोटे वाटत असेल तर उरलेली पट्टी बाजूला टाचणीने लावली आहे, ती काढून दोन्हीवर ठेवून बघा आणि परत जागेवर लावा.

पालकसभेला बाबा येणार आहेत. त्यांना मी काहीच सांगितलेले नाही. ते रंग पटकन ओळखतात. बघू या, फसतात का!