इतिहासाचार्य राजवाडे: चार कॅलेंडरांची टेबलं जोडणारा माणूस

समजा, केळीच्या विक्रीची एक शीट जळगावहून आलीय आणि दुसरी धुळ्याहून. दोन्ही पॉवर बीआयमध्ये टाकल्या. जळगाववाल्याने ०३/०४ लिहिलंय ते ३ एप्रिल, धुळेवाल्याचं ०३/०४ म्हणजे ४ मार्च. टूल काही तक्रार करत नाही, रिपोर्ट झकास दिसतो आणि आकडे चुकलेले असतात.

हाच प्रश्न एका माणसाने कागद-दौत घेऊन तीस वर्षं सोडवला, तोही चार-पाच वेगवेगळ्या कॅलेंडरांत. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. जन्म १८६३, कोकणातलं वरसई. शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. पत्नी लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट शेवटपर्यंत पाळला. स्वभाव तापट. बाकी आयुष्य म्हणजे गावोगाव पायपीट, हाताने रांधून खाणं आणि लोकांच्या माळ्यावरची दप्तरं शोधणं.

दप्तरं मिळणं सोपं नव्हतं. कागद दाखवले तर वतन जाईल, अशी लोकांना भीती. बाकीचं वाळवीच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या घशात चाललेलं. वाईत मात्र पानिपतच्या काळातल्या पत्रांचं मोठं घबाड सापडलं आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. एकूण खंड झाले २२.

आता डेटाकडे या. एका घराण्याच्या दप्तराखाली दुसऱ्याचं दप्तर लावायचं, म्हणजे ओळी वाढवायच्या. रिपोर्टिंग टूलमध्ये याला अपेंड म्हणतात. ते तसं सोपं. पण पुण्याहून गेलेलं पत्र आणि दिल्लीकडून आलेलं उत्तर समोरासमोर लावायचं तर जॉइन लागतो, आणि जॉइनला दोन्हीकडे सारखा असलेला कॉलम लागतो. इथे तो कॉलम म्हणजे तारीख. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. हेच वर्ष एका कागदात शके १६८२ असेल, दुसऱ्यात फसली ११७०, तिसऱ्यात हिजरी ११७४, चौथ्यात सुहूर ११६१.

सुहूर सन तर अजून गमतीचा. तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहायचे. ११६१ म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ: एक, साठ, शंभर, हजार. एक ते नऊचे शब्द अक्षरांप्रमाणे सॉर्ट केले तर अर्बा, इसन्ने, इहिदे, खमस, तिसा, सबा, समान, सलास, सीत असा क्रम येतो, म्हणजे ४, २, १, ५, ९, ७, ८, ३, ६! तुमच्या चार्टमध्ये एप्रिलनंतर ऑगस्ट आणि मग डिसेंबर येतो ना, तोच आजार. उपाय पण तोच: शब्दाशेजारी आकड्याचा कॉलम करायचा आणि सॉर्ट त्यावर लावायचा. सुहूरमध्ये ५९९ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मात्र ६००.

इथेच संपत नाही. सुहूर वर्ष सूर्यावर चालतं, मृगाच्या सुमारास सुरू होतं. पत्रावरचे महिने मात्र हिजरी, चंद्रावरचे. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची एखादी तारीख त्याच सुहूर वर्षाच्या शेवटी पुन्हा येऊ शकते. एकाच कीच्या दोन ओळी! अशा वेळी जॉइन केला की ओळी दुप्पट होतात, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आणि कित्येक पत्रांत नुसता 'छ' म्हणजे चंद्र आणि महिना, वर्षच नाही. मग मजकुरात शिरायचं. नदीला पूर आहे का, छावणी कुठे पडलीय, कोण जिवंत आहे. हिजरी महिना दरवर्षी मागे सरकतो, म्हणून त्या महिन्यात पाऊस असेल तर फार थोडी वर्षं उरतात. पत्र लिहिल्याची तारीख आणि ते पोचल्याची तारीख हे पण दोन वेगळे कॉलम धरावे लागतात. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत जायला दहाएक दिवस लागले. त्या दिवसांतलं पेशव्यांचं पत्र वाचताना हे विसरलात तर भलताच अर्थ निघेल.

हे नुसतं कारकुनी काम नव्हतं. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा आणि रसदेसाठी पत्रांवर पत्रं पाठवली. गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. मागणी कधी गेली आणि त्यांनी कधी काय केलं, या क्रमावर एका माणसाचं नाव राहतं किंवा जातं. राजवाड्यांनी पानिपतच्या अपयशाचा बराच दोष त्यांच्यावर ठेवला. पुढच्या अभ्यासकांना ते सगळं पटलं नाही, पण वाद घालायला पत्रं छापून समोर होती: वर काढलेली तारीख, खाली मूळ मजकूर. मला ही सवय फार मोलाची वाटते. कच्चा कॉलम पुसायचा नाही, दुरुस्त तारीख वेगळ्या कॉलममध्ये. (शब्दांच्या व्युत्पत्त्या मांडताना मात्र त्यांची गाडी कधीकधी सुसाट सुटते, त्या जरा जपून वाचा.)

खंडांचा क्रम बघाल तर चक्रावाल. पहिला खंड पानिपतचा, आणि शंभर वर्षं आधीचे शिवकाळातले कागद नंतरच्या खंडांत. जसं सापडलं तसं छापलं. थांबले असते तर वाळवी थांबली नसती.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता, नंतर तिथे मतभेद झाले. शेवटची वर्षं धुळ्यात गेली आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच ते वारले. १९२७ मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. त्यांचा संग्रह तिथेच आहे, धुळ्याला गेलात तर बघून या.