मशीनवरची चार वर्षं

मोताळ्याहून डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा बुलढाण्याच्या फेऱ्या मारणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. मशीनवरून उतरलेला माणूस ताजातवाना होत नाही. रिपोर्टमधला युरिया खाली येतो, पण भूक नाही, अंगात त्राण नाही. अशाच शरीरानं एका माणसानं देशातलं सरकार बदलायला हातभार लावला होता. जयप्रकाश नारायण. जेपी!

जन्म 11 ऑक्टोबर 1902, गाव सिताबदियारा. असहकाराच्या लाटेत कॉलेज सोडलं, मग अमेरिकेत मिळेल ती मजुरी करत शिकले. 1932 साली अटक होऊन आपल्या नाशिकच्या तुरुंगात आले. तिथे अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे अशा तरुणांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पुढे आली. 1942 च्या दिवाळीत धोतरांना गाठी मारून हजारीबागच्या तुरुंगाची भिंत उतरले, तो किस्सा तर ठाऊक असेलच. 1974 मध्ये बिहारच्या कॉलेजमधली पोरं त्यांच्याकडे गेली आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस त्यांचा पुढारी झाला.

25 जून 1975 च्या रात्री दिल्लीत अटक झाली. आधीपासून मधुमेह होताच. चंदीगडच्या स्थानबद्धतेत प्रकृती ढासळली, नोव्हेंबरमध्ये सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, तेव्हा दोन्ही किडन्या निकामी झालेल्या होत्या. कोठडीतल्या उपचारांवर तेव्हा बरीच शंका घेतली गेली. पुढचं सगळं आयुष्य डायलिसिसवर. मशीनसाठी इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून 90 हजार रुपये पाठवले, ते जेपींनी परत केले. मग लोकांनी वर्गणी काढली.

आता थोडं रक्ताकडे बघू. मशीनमधला पडदा म्हणजे बारीक चाळणी. युरियाचा कण अगदी लहान, तो आरपार जातो. पण रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात ती प्रथिनं, म्हणजे सायटोकाइन, युरियाच्या शेकडो पट जड. त्या काळच्या पडद्यातून ती निघतच नसत. धडधाकट किडनी ती गाळून संपवते. किडनी बसली की ती रक्तात साचतात. भरीस भर म्हणजे जुन्या सेल्युलोजच्या पडद्याला रक्त लागलं की पांढऱ्या पेशी चवताळायच्या. शरीरात कुठे जंतू नाही, तरी धोक्याची घंटा चालूच! यातलं टीएनएफ भूक मारतं, स्नायू झिजवतं. इंटरल्युकिन-6 यकृताला हुकूम सोडतं, मग लोह शरीरातच अडकून पडतं आणि रक्त कमी होतं. आज रिपोर्टात सीआरपी वाढलेला दिसतो, तो याच इंटरल्युकिन-6 चा माग.

जेपींच्या डॉक्टरांना हे मोजायची सोयच नव्हती. टीएनएफला नाव मिळालं 1975 मध्ये, जेपींच्या किडन्या गेल्या त्याच वर्षी. इंटरल्युकिन हा शब्द ठरला 1979 मध्ये. त्यांचं आजारपण नेमकं या दोन सालांच्या मधलं. त्यामुळे त्यांचा थकवा वयाच्या आणि मधुमेहाच्या खात्यावरच जमा झाला असणार. (आजही घरोघरी हेच होतं. आजोबा उगाच कुरकुरतात, असं आपण म्हणून मोकळे होतो.)

आणि अशा अवस्थेत 1977 ची निवडणूक आली. डायलिसिसच्या दिवसांमधली जागा शोधून जेपी सभांना जात. बिनसत्तेच्या या म्हाताऱ्यानं मोरारजी, चरणसिंग, जगजीवनराम यांना एका बाजूला उभं केलं. मार्चमध्ये काँग्रेस हरली, आणि राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ द्यायला जेपीच होते. स्वतः पद घेतलं नाही. दोन वर्षांत त्याच मंडळींची भांडणं मात्र त्यांना बघावी लागली. हे दुखणं किडनीपेक्षा मोठं होतं, असं मला वाटतं.

मार्च 1979 मध्ये ते जसलोकमध्ये असतानाच लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली, श्रद्धांजलीही वाहून झाली. जेपी जिवंत होते! त्यानंतर आणखी सहा महिने जगले. 8 ऑक्टोबर 1979 ला पाटण्यात गेले, 77 पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी असताना.